टोमॅटो बुडाशी काळा का पडतो?

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर तालुक्यात करकंब हे गाव आहे. अवर्षणाचा मुलूख, काळी जमीन आणि कडक उन्हाळा. अशा गावी परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर टोमॅटोची पाचसहा रोपे लावलेली अनेकदा दिसतात. रोपे जोमाने वाढतात, पण पुढे तक्रारी सुरू होतात. कोणाकडे फुले येतात आणि गळून पडतात. कोणाकडे शेंड्याची पाने आक्रसतात आणि झाड खुजे राहते. कोणाकडे फळ धरते, पण पिकण्यापूर्वीच ते बुडाशी काळे पडते. तिन्ही वेळा सल्ला मात्र एकच मिळतो, “रोग पडला, औषध मारा.” मग शेतावरचा पंप परसात येतो आणि घरची मुले जी फळे येताजाता तोडून खातात, त्यांच्यावरच विषारी फवारा बसतो. गंमत अशी, की यांपैकी दोन तक्रारींत बहुधा मारण्यासारखा शत्रू तेथे नसतोच! हे कसे, ते पाहू.

चुनखडीच्या जमिनीत चुन्याची उणीव

प्रथम काळ्या बुडाचे फळ घ्या. देठाच्या विरुद्ध टोकाला आधी पाणचट डाग पडतो, मग तो तपकिरी-काळा, चपटा व चामड्यासारखा होतो. पुढे त्यावर बुरशी वाढते आणि आपण तिलाच दोषी ठरवतो. वस्तुतः ती मागाहून आलेली असते. मूळ कारण म्हणजे फळाच्या त्या भागाला कॅल्शियम कमी पडलेले असते. पेशींच्या भिंती बळकट राहण्यासाठी कॅल्शियम लागते. ते न मिळाल्यास पेशी ढासळतात.

आता तुम्ही विचाराल, सोलापूरकडच्या काळ्या जमिनीत तर चुनखडी भरपूर असते, मग कॅल्शियमची उणीव कशी? उणीव जमिनीत नसते, ती वाहतुकीत असते. वनस्पतीच्या अंगात कॅल्शियम मुख्यतः जलवाहिन्यांतून, पाण्याबरोबरच प्रवास करते. पाणी ज्या दिशेला ओढले जाते, तिकडेच ते जाते. पाणी ओढतात ती पाने. पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असल्यामुळे वरचे पाणी गेले, की मुळापासूनचा सारा धागा वर खेचला जातो. टोमॅटोच्या सालीवर मात्र रंध्रे नसतात. शिवाय ती मेणचट असते. म्हणून फळाची ओढ दुबळी आणि त्याचे बूड तर वाटेच्या अगदी शेवटच्या टोकाला.

ही ओढाताण आकड्यांत पाहा. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते. ४० अंशांना ५१ ग्रॅम मावते. हिवाळ्यात २५ अंश तापमान व ६० टक्के आर्द्रता असेल, तर हवेत आणखी ९ ग्रॅम बाष्पाला जागा असते. उन्हाळ्यात ४० अंश तापमान व २० टक्के आर्द्रता असेल, तर ४१ ग्रॅमला! म्हणजे हवेची तहान चौपटीहून वाढली. अशा दिवशी जमीन कोरडी असली, तर आलेले थोडके पाणी पानेच ओढून घेतात आणि फळ उपाशी राहते.

त्यातच काळी माती सुकली की आक्रसते, तिला भेगा पडतात आणि कोवळी मुळे तुटतात. चार दिवस कोरड आणि पाचव्या दिवशी पूर, अशा पाण्याने हा दोष हमखास वाढतो. युरियासारख्या खताचा अतिरेक केल्यानेही तो वाढतो. उपाय बाटलीत नाही. पाणी थोडे पण नियमित द्यावे आणि बुंध्याभोवती उसाच्या पाचटाचे चारपाच बोटे जाड आच्छादन घालावे. या भागात पाचटाला तोटा नाही.

फूल का गळते?

टोमॅटोचे फळ उत्तम धरण्यासाठी रात्रीचे तापमान सुमारे १५ ते २० अंश असावे लागते. दिवसाचे तापमान ३२ ते ३५ अंशांच्या वर गेले, किंवा रात्रीही उकाडा राहिला, की पराग निकामी होतात आणि फलन न झालेले फूल गळते. दगडी भिंतीलगत किंवा पत्र्याच्या पडवीशी लावलेल्या रोपाला आणखी एक त्रास होतो. दिवसा तापलेली भिंत रात्री उष्णता सोडत राहते. एक तापमापक भिंतीशी आणि एक अंगणाच्या मध्यावर टांगून रात्री नोंद घ्या, म्हणजे फरक कळेल.

ऑक्टोबरात लावलेली रोपे नोव्हेंबर-डिसेंबरात, थंड रात्री फुलतात. फेब्रुवारीत लावलेली रोपे नेमकी चैत्राच्या उन्हात सापडतात.

हवा ठीक असूनही फळ धरत नसेल तर? या फुलात परागकोशांची निमुळती नळी असते आणि पराग तिच्या टोकातून बाहेर पडण्यासाठी फूल हलावे लागते. काळा भुंगा फुलाला धरून आपले स्नायू थरथरवतो, तेव्हा पराग झडतात. मधमाशीला ही कला अवगत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला २५६ कंपनांचा नादकाटा वाजवून सकाळी फुलाच्या देठाला लावा आणि खाली काळा कागद धरा. त्यावर पिवळी धूळ पडलेली दिसेल.

जेथे शत्रू खरा असतो

पाने आक्रसणे, म्हणजे चुरडामुरडा, हा मात्र खरा रोग आहे. तो विषाणूमुळे होतो आणि जेमतेम एक मिलिमीटर लांबीची पांढरी माशी तो झाडोझाडी पोचवते. रोगट झाड बरे करणारे औषध नाही. बुरशीनाशक मारणे तर व्यर्थच. असे झाड दिसताच उपटून नष्ट करावे, रोपे बारीक जाळीखाली वाढवावीत, आणि पिवळ्या पत्र्याला एरंडेल फासून तो रोपांजवळ टांगावा. पिवळ्या रंगाकडे ओढलेल्या माश्या त्याला चिकटतात. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने तयार केलेला ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण या रोगाला दाद देत नाही. संकरित असल्यामुळे त्याच्या फळातले बी धरून पुन्हा लावू नये.

निदान किती महत्त्वाचे असते हे २०२० साली महाराष्ट्राने अनुभवले. जुन्नर, संगमनेर, अकोले या भागांत टोमॅटो धड लाल न होता पिवळे, डागाळलेले पिकू लागले. लोक त्याला ‘तिरंगा’ म्हणू लागले. करोनाची साथ चालू होती, त्यामुळे हे टोमॅटो माणसालाही घातक आहेत अशी आवई उठली आणि शेतकऱ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. नमुने बंगळूरच्या त्याच संस्थेत तपासले गेले, तेव्हा त्यांत काकडीवरील मोझॅक विषाणू आणि वनस्पतींचे इतर विषाणू आढळले. वनस्पतीचे असे विषाणू माणसाला रोग करीत नाहीत.

हे करून पाहा

तळाला छिद्रे असलेले १५ लिटरचे सहा डबे घ्या. सर्वांत सारखीच माती भरा आणि एकाच वाणाचे एकेक रोप लावा. रोपे मोठी झाली, की तीन डब्यांना रोज एक लिटर पाणी द्या, उरलेल्या तिघांना दर चौथ्या दिवशी चार लिटर द्या. पाणी तेवढेच, फरक फक्त वेळेचा. प्रत्येक गटात एकूण फळे किती आणि बुडाशी काळी किती, हे वहीत मांडा. एकाच रोपावरून निष्कर्ष काढू नका, म्हणून तीन-तीन.

शिक्षकांनी हा प्रयोग दिवाळीच्या सुटीनंतर वर्गाला द्यावा. आणि मित्रांनो, घरी कोणी पंप हाती घेतला, तर आधी फळाचे बूड पाहा, पानाची मागची बाजू पाहा आणि रात्रीचे तापमान मोजा. ही तीन उत्तरे मिळाल्यावरच फवारणीची गरज आहे की नाही, ते ठरवा.