खिशांतील दप्तर

जुन्या कागदाचें मोल त्याची निकड लागल्यावरच कळतें, हा अनुभव मराठवाड्यांतील असंख्य कुटुंबांस अलीकडे आला. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांतील अंतरवाली सराटी या गांवीं २९ ऑगस्ट २०२३ रोजीं मनोज जरांगे-पाटील यांनीं मराठा आरक्षणासाठीं उपोषण आरंभिलें आणि त्या लहानशा गांवाचें नांव सर्वतोमुखीं झालें. पुढील महिन्यांत निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमण्यांत आली, आणि निजामाच्या अमदानींतील दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. महसुली कागद, शाळांचीं जुनीं रजिस्टरें, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या असे कित्येक बस्ते सुटले. त्यांतील कांहीं लेख मोडींत, तर कांहीं उर्दूंत होते. सांपडलेल्या नोंदींच्या छायाप्रती जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यांत आल्या.

पणजोबांच्या नांवाची एक ओळ मुलाच्या महाविद्यालयीन प्रवेशास आधार होऊं शकते. साहजिकच अशा छायाप्रती पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डावर घेऊन ठेवण्याची प्रथा पडली आहे. परंतु ही नखाएवढी वस्तु म्हणजे लोखंडी तिजोरी, असा जो समज रूढ आहे, तो घातक आहे. कागद माणसाचें दुर्लक्ष सोसतो; पेनड्राइव्ह तें सोसत नाहीं.

याचें कारण त्याच्या रचनेंत आहे. पेनड्राइव्हमध्यें अतिसूक्ष्म कप्पे असून त्यांत विजेचे कण कोंडलेले असतात. कण किती कोंडले आहेत, यावरून मजकूर वाचला जातो. कप्प्यांभोंवतीं वीजरोधक द्रव्याची अत्यंत पातळ भिंत असते. ही कल्पना १९६७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत निघाली. योगायोग असा कीं, इतर मागासवर्गीयांच्या दाव्यांत ज्या तारखेपूर्वीच्या पुराव्यास विशेष महत्त्व आहे, ती १३ ऑक्टोबरची तारीख त्याच वर्षाची होय. पुढें १९८४ सालीं जपानांतील तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनीं ‘फ्लॅश’ स्मृति जगापुढें मांडली, आणि २००० सालापासून पेनड्राइव्ह बाजारांत आले.

माठांतून पाणी पाझरावें, तसे हे कोंडलेले कण वर्षानुवर्षें हळूहळू निसटतात. प्रत्येक नव्या लिखाणागणिक ती भिंत झिजते आणि उष्णतेनें गळती वाढते. जालन्याचा उन्हाळा ४० अंशांच्या वर जातो. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींतील उष्मा त्याहूनहि अधिक असतो. तेथें पेनड्राइव्ह विसरणें म्हणजे गळतीस हातभार लावणें होय.

दुसरा धोका घाईचा. कोणती फाइल कोणत्या कप्प्यांत आहे, याची एक अनुक्रमणिका पेनड्राइव्हवरच असते. लिखाण चालू असतां तो उपटून काढला, तर ही अनुक्रमणिका बिघडते आणि मजकूर जागेवर असूनहि सांपडत नाहीं. म्हणून संगणकास आधीं सूचना देऊन मगच तो काढावा. फाइल पुसली म्हणजेहि बहुधा अनुक्रमणिकेंतील नोंदच खोडली जाते. चुकून पुसली गेल्यास त्यावर नवें कांहीं लिहूं नये. जाणकाराकडून ती परत मिळण्याचा संभव असतो. याच कारणास्तव, पुसलेला पेनड्राइव्ह परक्याच्या हातीं देणेंहि निर्धास्तपणाचें नव्हे.

तिसरा धोका संगतीचा. छपाईच्या दुकानांतील संगणकास रोज अनेकांचे पेनड्राइव्ह लागतात, आणि एकाची बाधा दुसऱ्यास होते. तेथें नेण्यासाठीं निराळा पेनड्राइव्ह असावा व त्यावर हवा तेवढाच कागद असावा. आधार, बँक, जमीन यांचीं कागदपत्रें असलेला पेनड्राइव्ह सांकेतिक कुलुपानें बंद करावा. मात्र त्याचा परवलीचा शब्द घरांतील आणखी एका विश्वासू माणसास ठाऊक असावा. तो विसरला गेला, तर चोराबरोबर धन्यासहि दार बंद होतें.

मुख्य नियम एवढाच कीं, पेनड्राइव्ह हें नेण्या-आणण्याचें साधन आहे, साठवणीचें नव्हे. महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती असाव्यात: एक घरच्या संगणकावर, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या गांवीं आप्ताकडे किंवा विश्वसनीय ऑनलाइन साठ्यांत. वर्षांतून एकदां प्रत्येक फाइल उघडून पाहावी आणि कांहीं वर्षांनीं ती नव्या साधनावर उतरवून घ्यावी. फाइलीच्या नांवांत गांव, वर्ष, दप्तराचा प्रकार आणि पृष्ठांक लिहावा. छायाप्रत म्हणजे मूळ दस्तऐवज नव्हे. प्रमाणित नक्कल कचेरींतूनच घ्यावी लागते, आणि त्या वेळीं हाच तपशील उपयोगी पडतो.

निजामाच्या काळांतील कारकुनानें लिहिलेली ओळ आजवर टिकली, कारण दप्तरखान्यांत कोणी तरी तो बस्ता बांधून ठेवला होता. नव्या दप्तराचा बस्ता बांधण्याचें काम आतां घरच्यांकडे आलें आहे.