फणसोंब्याचे खरे नाव

कोकणातील जुन्या फणसाच्या खोडावर खुराच्या आकाराची, तपकिरी, लाकडासारखी टणक वाढ दिसते. तिला फणसोंबा किंवा फणसअळंबे म्हणतात. लहान मुलाचे तोंड आले की ती उगाळून लावण्याची चाल जुनी आहे. आजीला या वस्तूचे नाव पक्के ठाऊक असते. शास्त्रज्ञाला मात्र ते सांगताना अडखळावे लागते. त्यात त्याला कमीपणा मुळीच नाही.

फणसोंबा हे लाकूड कुजविणाऱ्या कवकाचे फळ होय. त्याचे खरे शरीर म्हणजे खोडात पसरलेले सूक्ष्म तंतू. ते सेल्युलोजबरोबर लिग्निनही पचवितात, म्हणून कुजलेले लाकूड पांढुरके व तंतुमय होते. फळाचे रूप मात्र वय, ओल आणि ऊन यांप्रमाणे पालटते. तपकिरी, कठीण आणि पोटॅशचा थेंब पडताच काळी पडणारी अशी कितीतरी कवके पूर्वी फेलिनस या एकाच प्रजातीत घातली गेली. गेल्या पंचवीस वर्षांत डीएनएच्या तुलनेने त्या प्रजातीची अनेक शकले झाली आहेत.

नाव बदलल्याने औषधाचा गुण थोडाच बदलतो, असे कोणी म्हणेल. या शंकेला पूर्व आशियातील एका कवकाचा इतिहास उत्तर देतो. तुतीच्या खोडावर वाढणारे सांगह्वांग हे तेथील प्रसिद्ध औषध. (तुती आणि फणस एकाच कुळातले, हा योगायोग मनोरंजक खरा.) कित्येक वर्षे त्याच्यावरील संशोधन फेलिनस लिंटियस या नावाखाली प्रसिद्ध होत राहिले. वस्तुतः ते नाव १८६० मध्ये मध्य अमेरिकेतील निकाराग्वाच्या नमुन्यास दिलेले होते. तैवानमधील वू शेंग-ह्वा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मूळ नमुने ताडून पाहिले, तेव्हा तुतीवरील कवक ही अगदी वेगळी आणि तोवर शास्त्रीय नावच न मिळालेली जाती ठरली. मग आधीच्या निबंधांतील गुण नेमके कोणाचे? ज्यांनी तपासलेला नमुना जपून ठेवला होता, त्यांनाच याचे उत्तर देता आले.

फणसोंब्याची अवस्था याहून निराळी नाही. बाजारात त्या नावाने मिळणारा तुकडा फणसावरचाच असेल, याचीही शाश्वती नसते. नवी जाती ठरवावयाची तर छिद्रे मोजावी लागतात, बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात, डीएनए ताडावा लागतो. आणि शेवटी आदर्श नमुना कोणालाही पुन्हा तपासता येईल अशा संग्रहालयात ठेवावा लागतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर कवक संग्रहालय याच कामासाठी आहे. तेथे पोहोचणाऱ्या तुकड्यासोबत वृक्षाचे नाव, गाव आणि तारीख लिहिलेली एक चिठ्ठी असावी लागते. एवढे टिपून ठेवणे खेड्यातल्या शाळामास्तरालाही अशक्य नाही. फणसाचे झाड तोडले जाण्यापूर्वी ते व्हावे, इतकेच.