राखणीच्या कुत्र्याचे पाय : चाटण्याचीं कारणें व निगा

शेतकऱ्याच्या दारीं बैल लंगडूं लागला कीं घरांतील लहानथोर मंडळी त्याच्या खुराभोंवतीं जमतात. परंतु मळ्यावर राखण करणारा कुत्रा चार दिवस पाय चाटीत बसला, तरी ‘त्याला खोडच आहे’ असें म्हणून कोणी तिकडे ढुंकूनही पाहत नाहीं. वस्तुतः रानडुकरांपासून भुईमूग व चोरांपासून खळें राखण्याचें काम ज्या जनावराकडून आपण घेतों, त्याचा सारा व्यवहार चार पायांवर चालतो. पाय गेला कीं राखण गेली. म्हणून कुत्रा पाय कां चाटतो, तें कसें ओळखावें व त्यावर काय करावें, याचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

कुत्रा माणसाप्रमाणें सबंध तळपाय टेकून चालत नाहीं. तो बोटांवर चालतो. प्रत्येक पायास चार बोटांखालीं चार लहान गाद्या व त्यांच्या मागें एक मोठी गादी असते. गादीची कातडी जाड व खरखरीत असून तिच्या आंत चरबीचा थर असतो. त्यायोगें धांवेचा व उडीचा धक्का सोसला जातो. बोटांमधील कातडी मात्र नाजूक असते, आणि चिखल, कुसळें व गोचीड यांस दडण्यास तीच जागा सोयीची पडते.

चिखलांतून आल्यावर थोडा वेळ पाय चाटून साफ करणें हा कुत्र्याचा स्वभावच होय. परंतु तो झोप मोडून चाटूं लागला, चाटलेली जागा लाल झाली, तिला वास येऊं लागला, अथवा तो लंगडूं लागला, तर तें दुखणें समजावें. पांढऱ्या केसांच्या कुत्र्याचे पाय अशा वेळीं तांबूस दिसतात. तो डाग बहुधा लाळेंतील रंगद्रव्याचा असतो, रक्ताचा नव्हे.

जमिनीच्या तंट्यांत कारकून प्रथम गट नंबर पाहतो. तद्वत् येथें प्रथम हें पाहावें कीं कुत्रा एकच पाय चाटतो कीं सगळे. एकच पाय चाटत असेल, तर बहुधा त्यांत बाहेरून कांहीं शिरलें आहे, किंवा नख तुटलें आहे. बाभळीचा कांटा, सराटा व कांच हे नेहमींचे अपराधी होत. परंतु सर्वांत वाईट तें कुसळ. त्यावरील बारीक उलटे केस त्याला पुढेंच सरकूं देतात, मागें येऊं देत नाहींत. तें कातडींतून आंत शिरतें, गळूं होतें, फुटतें, आणि पुन्हां होतें. वरून मलम लावून हें बरें होत नाहीं. पशुवैद्याकडून कुसळ काढवूनच घ्यावें लागतें. पावसाळा सरून गवत वाळूं लागलें कीं याबाबत विशेष सावध राहावें.

सगळे पाय चाटत असेल, तर कारण निराळें. पावसाळ्यांत बोटांमध्यें ओल राहून बुरशी वाढते व आंबूस वास येतो. गोचीड, पिसवा किंवा लूत असली, तरी खाज सुटते. कांहीं कुत्र्यांना अन्नाचें, धुळीचें किंवा एखाद्या झाडपाल्याचें वावडें असतें. गाजरगवत माणसाच्या कातडीस बाधतें हें सर्वांस ठाऊक आहे. कांहीं जनावरांसही तें तसेंच बाधतें. म्हाताऱ्या कुत्र्याचा सांधा दुखत असला, किंवा तरुण कुत्रा दिवसभर सांखळीस बांधलेला असला, तरी तो पाय चाटीत बसतो. चाटण्यानें कातडी ओली राहते, ओलीनें जंतु वाढतात, जंतूंनीं खाज वाढते, आणि खाजेनें पुन्हां चाटणें. हा फेरा मूळ कारण काढल्याविना तुटत नाहीं.

एक गोष्ट शेतकऱ्यानें विशेष ध्यानांत धरावी. फवारणी केलेल्या पिकांतून कुत्रा फिरला कीं औषध त्याच्या पायांस लागतें, व पाय चाटतांच तें पोटांत जातें. फोरेट व डायक्लोरव्हॉस या औषधांवर आपल्या देशांत २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. तथापि त्याच जातीचीं दुसरीं औषधें अद्याप वापरांत आहेत. लाळ गळणें, अंग थरथरणें, डोळ्यांची बाहुली बारीक होणें व हगवण लागणें हीं अशा विषबाधेचीं लक्षणें होत. अशा वेळीं हातमोजे घालून पाय साबणाच्या भरपूर पाण्यानें धुवावे, चाटूं देऊं नये, आणि औषधाच्या डब्यावरील चिठ्ठी बरोबर घेऊन तत्काळ पशुवैद्यकीय दवाखाना गांठावा. त्याहून बरें म्हणजे फवारणीच्या दिवशीं व त्यापुढें कांहीं दिवस कुत्रा त्या शेताबाहेर ठेवावा.

नित्य निगा अगदीं सोपी आहे. संध्याकाळीं कोमट पाण्यानें पाय धुवून बोटांमधील जागा कापडानें कोरडी करावी व प्रत्येक फट उघडून पाहावी. फार वाढलेलीं नखें थोडथोडीं कापावीं. आंतल्या बाजूचें वरचें नख जमिनीस घांसत नाहीं, म्हणून तें वळून मांसांत रुततें, त्याकडे विशेष लक्ष द्यावें. उन्हाळ्यांत दुपारीं डांबरी रस्त्यावरून कुत्रा चालवूं नये. आपला उलटा तळहात जेथें क्षणभर टेकवत नाहीं, तेथें त्याच्या गाद्याही भाजतात. पायास डांबर चिकटल्यास खाण्याचें तेल चोळून तें मऊ करावें व नंतर साबणानें धुवावें. रॉकेल, जळकें इंजिन-ऑइल किंवा ॲसिड कधींही लावूं नये. कातडी जळते व चाटल्यानें विष पोटांत जातें. तसेंच माणसाच्या वेदनाशामक गोळ्या देऊं नयेत. त्यांतील कित्येक कुत्र्यास घातक ठरतात. जखमेंत किडे पडले असल्यास घरीं वेळ न दवडतां पशुवैद्यास दाखवावें.

शेवटीं एक सावधगिरी. दुखऱ्या पायास हात लावतांच घरचा कुत्राही चावतो. म्हणून त्याच्या तोंडास मऊ पट्टी बांधूनच पाय पाहावा. मात्र तो धापा टाकीत असेल, तर पट्टी बांधूं नये. पिसाळण्याचा रोग लाळेंतून पसरतो. कुत्रा चावला, किंवा त्यानें आपल्या उघड्या जखमेस चाटलें, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत जावें. १८८५ सालीं लुई पाश्चर यांनीं या रोगाची लस प्रथम माणसास दिली; आज ती गांवाजवळच्या सरकारी दवाखान्यांत मिळूं शकते, आणि कुत्र्यासही पशुवैद्याच्या सल्ल्यानें वेळच्या वेळीं टोंचतां येते. असें असतां केवळ आळसानें या रोगास घरांत वाट देणें कोणाही शहाण्या कुळवाड्यास शोभणार नाहीं. पोळ्यास आपण बैलांचें ऋण मानतों. राखणीच्या कुत्र्याचा तसा सण नाहीं. त्याच्यासाठीं संध्याकाळचीं पांच मिनिटें दिलीं, तरी तेवढें त्याला पुरेसें आहे.