धोट्याचा अर्थ कोणाला विचारायचा?

जेम्स मोल्सवर्थ या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने मराठी शब्द टिपायला सुरुवात केली ती १८१८ साली, सोलापुरात. पुढे पंडित आणि कँडी बंधू यांच्या मदतीने १८३१मध्ये त्याचा मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला, आणि १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. जुनी कागदपत्रे वाचणारा अभ्यासक आजही हा कोश उघडतो, कारण त्यात पोथीतल्या शब्दाशेजारी शेतातला आणि चुलीपुढचा शब्दही आहे. कोशाची खरी किंमत शब्दांच्या आकड्यावर नसते. शब्द कोणाला विचारून घेतले, यावर असते. नुसत्या छापील पुस्तकांतून उपसलेला कोश कितीही जाडजूड झाला, तरी अर्धाच राहतो.

‘धोटा’ घ्या. ‘विणकराचे एक साधन’ एवढ्यावर भागवले, तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही. मागावर बसणारा सांगेल की ताण्याच्या उभ्या सुतांमधून आडवे सूत या टोकाहून त्या टोकाला नेतो तो धोटा. होडीसारखा निमुळता, पोटात सुताची कांडी बसवलेला. ही व्याख्या टेबलाशी बसून सुचत नाही. सोलापुरात तर अनेक विणकर घरी तेलुगू बोलतात. मग त्यांच्या तोंडचे शब्द मराठी कसे, असा आक्षेप येईल. पण अडकित्ता आणि तूप कानडीशी नाते सांगतात, म्हणून त्यांना मराठीबाहेर कोण काढतो? शब्द कामात रुळला की तो त्या भाषेचा. मूळ कुठले, ते नोंदीत लिहावे.

कोशाने प्रमाण भाषा सांभाळावी, गावोगावचे शब्द भरले तर शिस्त मोडेल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावर उपाय मात्र साधा आहे: शब्दापुढे ‘प्रादेशिक’ किंवा ‘व्यवसायातील’ अशी खूण करावी. शब्द गाळण्याने शिस्त येत नाही, फक्त माहिती जाते. साधन गेले की शब्दही जाणारच, मग खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. विहिरीवरची मोट गेली. तिच्याबरोबर नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्दही बोलण्यातून गेले. ते कोशात उतरले नसते, तर मोटेवरची जुनी कथा आज कोणाला उलगडली असती? यंत्रमागाच्या खडखडाटात हातमागाचे शब्द त्याच वाटेने निघाले आहेत, आणि ते सांगू शकणारे कारागीर आज म्हातारे आहेत.