पंप कितीला घेतला, आणि कितीला पडला?

आज आपण दुसरबीडला जमलो आहोत. त्यामुळे विषय ‘मालमत्तेचा आयुष्यभराचा खर्च’ असा जड असला, तरी उदाहरण आम्ही विहिरीवरचंच घेणार आहोत. सिंदखेडराजा तालुक्यात खरिपात सोयाबीन, कपाशी, आणि विहिरीला पाणी असेल तर रब्बीत हरभरा, गहू. म्हणजे पंप हे इथलं असं यंत्र, की ज्याचा हिशोब जवळजवळ प्रत्येक घराला लागू पडतो.

कुणी नवा पंप आणला की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? “कितीला घेतला?” प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपल्याला पाठ आहे. आजचं शास्त्र तेच सांगतं, फक्त मसाल्याचा हिशोब आधी मांडायला लावतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६०च्या दशकात लष्करी खरेदीसाठी ही पद्धत वापरायला सुरुवात केली. पुढे १९८७च्या सुमारास गार्टनर या संस्थेने कार्यालयातल्या कॉम्प्युटरला तीच लावली. आपण ती बांधावर आणू.

पाच एचपीचं डिझेल इंजिन घ्या. पुढचे आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत. तुम्ही घरी गेल्यावर तिथे तुमचे आकडे टाका. किंमत ३५ हजार. पूर्ण भारावर असं इंजिन तासाला साधारण एक लिटर डिझेल पितं. वर्षाला ५०० तास चाललं आणि डिझेल ९० रुपये धरलं, तर वर्षाचे ४५ हजार. बघा, पहिल्याच वर्षी इंधनाने इंजिनाची किंमत ओलांडली! दहा वर्षांचं डिझेल साडेचार लाख. ऑइल, नोझल, दुरुस्ती वर्षाला ५ हजार, म्हणजे ५० हजार. शेवटी भंगारात ५ हजार परत आले. एकूण ५ लाख ३० हजार. त्यात खरेदीची किंमत शंभरातले सात रुपयेसुद्धा नाही. दुकानात मात्र आपण त्या सात रुपयांसाठीच तासभर घासाघीस करतो.

आता हाच हिशोब तासावर आणू. दहा वर्षांचे पाच हजार तास, म्हणजे तासाला १०६ रुपये. “कितीला पडला?” याचं उत्तर हे.

पण थांबा, यावरून डिझेल इंजिन नेहमीच वाईट असा निष्कर्ष काढू नका. एखाद्याला वर्षाला १०० तासच पाणी द्यायचं आहे, पावसाने ताण दिला तरच. त्याचं दहा वर्षांचं डिझेल ९० हजार, दुरुस्ती २० हजार धरू, इंजिन ३५ हजार, भंगाराचे ५ हजार वजा. एकूण १ लाख ४० हजार. इथे खरेदीचा वाटा एकदम पाव हिश्श्यावर गेला. यंत्र कमी चालणार असेल तर खरेदीची किंमत बघा, जास्त चालणार असेल तर चालवण्याचा खर्च बघा. हा नियम ट्रॅक्टरलाही लागू, मळणीयंत्रालाही.

मग विजेचा पंप? एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी राज्याने साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज जाहीर केली आहे. बिल शून्य, म्हणून कुठलाही स्वस्त पंप घेतला तरी चालतो असं वाटतं. इथेच चूक होते. एक तर तो खर्च संपत नाही, फक्त दुसऱ्याच्या वहीत जातो. आणि दुसरं, बिलात कधीच न दिसणारा एक रकाना आहे: पंप बंद राहिलेले दिवस. व्होल्टेज कमी आलं किंवा एक फेज गेली आणि मोटार जळली. रिवाइंडिंगचे चार-पाच हजार आपण लिहून ठेवतो. पण घाटे भरायच्या वेळी हरभऱ्याचं एक पाणी आठ दिवस लांबलं, त्याचं नुकसान कुणी लिहितं का? बऱ्याचदा तोच आकडा सगळ्यात मोठा असतो. म्हणून चांगला स्टार्टर आणि फेज गेल्यावर मोटार बंद करणारं संरक्षण याला ‘जादा खर्च’ म्हणू नये.

सौरपंपाचं गणित उलटं आहे. खर्च जवळजवळ सगळा सुरुवातीलाच. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. इंधन नाही, रात्री थ्री फेजची वाट बघत अंधारात जाणं नाही. पण ढगाळ दिवशी पाणी कमी. पॅनल वीस-पंचवीस वर्षं टिकतं, कंट्रोलर आणि पंप तेवढे टिकत नाहीत. दुरुस्तीची हमी पाच वर्षांची, मग सहाव्या वर्षाची तरतूद आजच हवी. आज किती बाजूला ठेवायचे? पाच वर्षांनी १० हजार लागणार असतील आणि पैशावर दहा टक्के व्याज मिळत असेल, तर आजचे ६,२०० पुरतात. उद्याचा खर्च आजच्या पैशात मोजायचा तो असा.

शेवटी एका श्रोत्याने विचारलं, “सर, एवढं लिहायचं कुठे?” पोरांची एक जुनी वही पुरे. पाच रकाने आखा: खरेदी, चालवणं, दुरुस्ती, बंद दिवस, आणि विकताना आलेले पैसे. कोपऱ्यात चाललेले तास. एक हंगाम एवढं लिहा. पुढच्या वेळी दुकानात गेलात की भाव दुकानदार सांगेल, पण किंमत तुम्हाला आधीच ठाऊक असेल.