नेटची भाषा आणि सीमाभागातील ग्राहक

भाषेचा प्रश्न म्हटला की आपल्याकडे शाळा, जमिनीचा उतारा, दुकानांच्या पाट्या आणि बसवरील फलक यांचीच चर्चा होते. त्या प्रश्नांचे महत्त्व कमी नाही. पण गेल्या काही वर्षांत आणखी एक कागद न मागता आपल्या घरात येऊ लागला आहे. तो दिवसातून तीन-चार वेळा येतो आणि बहुधा आपल्या भाषेत नसतो. हा कागद म्हणजे मोबाईलवर येणारा कंपनीचा निरोप. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील सिम कर्नाटक मंडळाचे. त्यामुळे निरोप इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये. घरातला शाळकरी मुलगा जवळ असला तर तो वाचून दाखवतो, नसला तर निरोप तसाच राहतो, आणि दोन दिवसांनी फोन बंद पडला की आपण टॉवरला दोष देतो.

या निरोपांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द मोजून पंधरा-वीस आहेत. ते कळले तर पैसे वाचतात, दुकानदारावर विसंबून राहावे लागत नाही. म्हणून आज त्यांचाच विचार करू.

पहिला शब्द वैधता. निरोपात तो ‘व्हॅलिडिटी’ म्हणून येतो. डेटा शिल्लक असला तरी वैधता संपली की पॅक संपला. येथेच पुष्कळांची गफलत होते. ‘महिन्याचे रिचार्ज’ म्हणून आपण जे मारतो ते बहुतेक वेळा २८ दिवसांचे असते. वर्षाचा हिशेब केला तर बारा नव्हे, तेरा रिचार्ज भरावे लागतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, जानेवारी २०२२ मध्ये नियम केला, की प्रत्येक कंपनीने निदान एक पॅक पूर्ण ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा ठेवलाच पाहिजे. हे पॅक दुकानाच्या दर्शनी तक्त्यावर क्वचितच दिसतात. विचारले तर मिळतात.

त्याहून उपयोगाची गोष्ट डिसेंबर २०२४ ची आहे. नेट न वापरणाऱ्यांसाठी केवळ बोलणे आणि संदेश एवढ्याच सोयीचे पॅक ठेवण्याचे बंधन ट्रायने कंपन्यांवर घातले आणि अशा खास पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवायला परवानगी दिली. आपल्या गावांत बटणांचा फोन वापरणारी वडीलधारी माणसे कितीतरी आहेत. मुलगा पुण्याला, मुलगी गोव्यात. आजीला फोन लागतो तो त्यांचा आवाज ऐकायला आणि बँकेचा ओटीपी घ्यायला. तिच्या माथी रोजचा दीड जीबी डेटा का? दुकानात जाऊन ‘फक्त बोलण्याचा पॅक द्या’ एवढे वाक्य म्हणता आले पाहिजे. शिवाय ९० दिवस फोनचा काहीच वापर झाला नाही तर क्रमांक बंद होऊ शकतो, हेही अशा घरांनी ध्यानात ठेवावे. पेन्शन आणि रेशन ज्या क्रमांकाला जोडलेले असते, तो क्रमांक गेला की पुढचे हेलपाटे सांगायला नकोत.

आता डेटा आणि स्पीड. हे दोन वेगळे शब्द आहेत आणि जाहिरातीत ते मुद्दाम एकत्र केले जातात की काय, असा आम्हाला संशय येतो. डेटा म्हणजे पिंपातले पाणी. स्पीड म्हणजे नळाची धार. पिंप जीबीत मोजतात, धार एमबीपीएसमध्ये. यातही एक खोच आहे. फाईल मोजतात बाइटमध्ये आणि धार मोजतात बिटमध्ये; आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून ‘८ एमबीपीएस’ असे लिहिलेले असले तर सेकंदाला ८ नव्हे, एकच एमबी उतरतो. हा आठाचा भागाकार विसरला की कंपनीने फसवले असे वाटते. प्रत्यक्षात आकडा खरा असतो, एकक निराळे असते.

पॅकच्या निरोपात आणखी एक ओळ बारीक अक्षरांत असते : रोजचा डेटा संपल्यावर स्पीड ६४ केबीपीएस. नेट ‘अमर्यादित’ असे जे म्हणतात ते या अर्थाने. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ केबी. साधारण २ एमबीचा एक फोटो या धारेने उतरायला चार मिनिटांहून जास्त लागतात. मग व्हिडिओवरचा शाळेचा धडा कसा चालायचा? गंमत अशी, की सरकारी व्याख्येप्रमाणे या नेटला ब्रॉडबँड म्हणताच येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली. त्याहून कमी मिळत असेल तर ते नेट असेल, ब्रॉडबँड नव्हे.

रेंजचे पट्टे हाही असाच फसवा प्रकार. पट्टे सांगतात ते टॉवरची हाक फोनपर्यंत किती जोरात पोचते एवढेच. त्या टॉवरवर आणखी किती जण बसले आहेत हे पट्टे सांगत नाहीत. गावच्या जत्रेत पट्टे पूर्ण असतात आणि नेट मात्र हलत नाही, याचे कारण हेच. एका टॉवरची क्षमता हजारो फोनांत वाटली जाते. तीच गोष्ट ५जीची. ही सेवा देशात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. तिच्या लहरी बऱ्याच ठिकाणी ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात. त्या वेगवान, पण पल्ला कमी आणि भिंतीशी, झाडीशी त्यांचे जमत नाही. कमी मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात. कणकुंबी-जांबोटीकडच्या डोंगराळ, झाडीच्या भागात राहणाऱ्याने नुसत्या ५जीसाठी महागडा फोन घेण्यापूर्वी आपल्या घरात ५जी येते का, हे कुणाच्या तरी फोनवर पाहून घ्यावे.

वायफाय या शब्दाने तर घोळच घातला आहे. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. भिंतीवरच्या डब्यापासून, म्हणजे राऊटरपासून, फोनपर्यंतचा शेवटचा बिनतारी टप्पा म्हणजे वायफाय. डब्याच्या मागे फायबर तुटली असेल तर वायफायची खूण पूर्ण दिसेल आणि नेट शून्य. राऊटर बहुधा दोन नावांनी दिसतो, २.४ आणि ५. हा ५ म्हणजे ५जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झ. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींच्या घरात माजघरापलीकडे २.४ वालाच पोचतो. हॉटस्पॉट म्हणजे आपला फोनच दुसऱ्यासाठी राऊटर करणे. डेटा अर्थातच आपल्या पॅकमधून जातो. पासवर्ड ठेवा, एवढे सांगून पुढे जाऊ.

सीमाभागाचा खास शब्द म्हणजे रोमिंग. दूरसंचार खात्याने देशाची २२ सेवा मंडळे केली आहेत आणि ती राज्यांच्या सीमांशी तंतोतंत जुळत नाहीत. गोवा हे महाराष्ट्र मंडळात आहे. मुंबईचे मंडळ मात्र वेगळे! पणजीचा माणूस कोल्हापुरात आला तर त्याचा फोन घरातच असतो. बाचीचा माणूस शेजारच्या शिनोळीला गेला की परमंडळात. टॉवरला मात्र १ नोव्हेंबर १९५६ ची रेघ माहीत नाही. जोरात हाक ज्याची, फोन त्याचा. म्हणून हद्दीवरच्या गावांत घरी बसल्या बसल्या फोन कधी या मंडळात, कधी त्या मंडळात जातो. अशा वेळी फोनमधले ‘डेटा रोमिंग’ बंद असेल तर बोलणे चालू राहते आणि नेट तुटते. आपल्याकडे रेंज असून नेट नसण्याच्या तक्रारींत या एका कळीचा वाटा मोठा असावा असे आमचे मत आहे. सेटिंगमध्ये ते चालू करावे. देशातल्या देशात सहसा जादा आकार लागत नाही, तरी आपल्या पॅकमध्ये तशी नोंद आहे ना हे पाहावे.

क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय, म्हणजे पोर्टिंग, देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. ३ जुलै २०१५ पासून मंडळही बदलता येते. नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या मुलाला बेळगावचा क्रमांक टाकावा लागत नाही. इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला क्रमांक घालून १९०० वर संदेश पाठवायचा. आठ अक्षरांचा सांकेतिक क्रमांक येतो, तो चार दिवस चालतो.

या सगळ्यांना मराठी शब्द हवेत की नकोत? भ्रमणध्वनी, आंतरजाल असे शब्द सुचवले गेले, काही रुजले, काही पत्रिकांतच राहिले. सावरकरांचा दूरध्वनी कचेरीत चालतो, घरात फोनच वाजतो. आमचे म्हणणे एवढेच, की तूप आणि अडकित्ता कन्नडमधून घेऊन ज्या भाषेचे काही बिघडले नाही, ती रेंज आणि रिचार्जही पचवील. अडचण शब्दाच्या मुळाची नाही, न कळता होकाराचे बटण दाबण्याची आहे.

त्यावर उपाय आपल्या हातात आहे. २०१६ च्या केंद्राच्या आदेशानुसार भारतात विकायच्या फोनवर आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांचा मजकूर वाचता आला पाहिजे. म्हणजे फोन मराठी दाखवू शकतो, मराठीत निरोप धाडायचा की नाही एवढेच कंपनीचे काम उरते. १९८ हा तक्रारीचा क्रमांक फुकट लागतो. तेथे निरोप मराठीत मिळावेत अशी मागणी नोंदवावी, पॅक न मागता चालू झाला असेल तर तेही सांगावे, आणि फोन ठेवण्यापूर्वी तक्रार क्रमांक मागून कागदावर लिहून घ्यावा. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत दाद मागता येते. तेथे तो क्रमांक लागतोच.