घरात चूक सांगायची सोय आहे ना?

मैत्रिणींनो, आज तुम्हाला एक कोडं घालते. शेजारी शेजारी दोन घरं आहेत. पहिल्या घरातल्या बाईंच्या कानावर महिनाभरात बरंच काही आलं. काचेचं भांडं फुटलं, धाकट्याला गणितात जेमतेम पस्तीस गुण पडले, सासऱ्यांनी रक्तदाबाची गोळी चुकून दोनदा घेतली, कामाच्या बाईंकडून इस्त्री करताना शर्ट जळला. दुसऱ्या घरातल्या बाईंच्या कानावर महिनाभर यातलं काहीसुद्धा आलं नाही. आता सांगा, जास्त चुका कोणत्या घरात होतात?

“हे काय विचारणं झालं? पहिल्याच घरात!” असं तुम्ही म्हणाल. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मानत आलेली माणसं आपण. पण याच कोड्याने १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतल्या एका पीएच.डी.च्या विद्यार्थिनीची झोप उडवली होती. तिने ते कसं सोडवलं, ते तुमच्या-माझ्या रोजच्या संसाराला फार उपयोगी पडण्यासारखं आहे.

ही कसली विद्या?

मानसशास्त्र म्हटलं की मनाचे आजार एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. पण त्याची एक शाखा माणूस कामावर असताना कसा वागतो, याचाच अभ्यास करते. आपल्या महाविद्यालयांत ती ‘औद्योगिक मानसशास्त्र’ या नावाने शिकवतात. साहेब ओरडला तर काम वाढतं की कमी होतं? थकवा कशाने येतो? चार माणसांचं छान जमतं आणि दुसऱ्या चौघांचं का फिसकटतं? असले प्रश्न घेऊन विद्यार्थी कारखान्यांत, बँकांत, दवाखान्यांत जातात, लोकांना विचारतात, पाहतात आणि मोजतात.

ही पुरुषांचीच विद्या, असं मात्र समजू नका. लिलियन गिलब्रेथ या बाईंनी १९१५ साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातून याच विषयात डॉक्टरेट मिळवली. त्यांचा संसार बारा मुलांचा! १९२४ साली पती वारल्यावर त्यांनी आपली विद्या स्वयंपाकघराकडे वळवली. ओट्याची नि मोरीची उंची किती असावी हे ठरवण्यासाठी त्यांनी चार हजारांहून अधिक बायकांना विचारलं. पायाने झाकण उघडणारी कचऱ्याची बादली आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. काम अवघड जात असेल तर करणारीला नावं ठेवण्याआधी कामाची मांडणी तपासा, ही त्यांची दृष्टी. आपली विद्यार्थिनीही पुढे त्याच वाटेने गेली.

आठ वॉर्ड आणि उलटा निकाल

तिचं नाव एमी एडमंडसन. मूळची अभियांत्रिकीची पदवीधर. काही वर्षं नोकरी करून ती पुन्हा हार्वर्ड विद्यापीठात आली आणि संस्थांमध्ये माणसं कशी वागतात या विषयात पीएच.डी.ला लागली. त्या वेळी तिथल्या डॉक्टर मंडळींचा एक गट रुग्णालयात औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होता. चुकीचं औषध, चुकीचं प्रमाण, याची गोळी त्याला. हा जिवाशी खेळ आहे. पुढे १९९९ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने अंदाज मांडला, की वैद्यकीय चुकांपायी तिथल्या रुग्णालयांत दर वर्षी ४४ हजार ते ९८ हजार माणसं दगावत असावीत.

दोन रुग्णालयांतले आठ वॉर्ड निवडले होते. प्रशिक्षित परिचारिका सहा महिने दर थोड्या दिवसांनी तिथे जाऊन चुकांची नोंद घेत होत्या. एमीकडे काम होतं ते वेगळं. तिने वॉर्डातल्या लोकांना प्रश्नावली दिली. तुमचं आपसांत पटतं का, वरिष्ठ मदत करतात का, काम मिळून होतं का? तिचा अंदाज सरळ होता. जिथे माणसं एकदिलाने काम करतात, तिथे चुका कमी असणार.

आकडे हाती आले आणि बाई चक्रावली. ज्या वॉर्डांत माणसांचं उत्तम जमत होतं, तिथेच नोंदलेल्या चुका जास्त! आपला सगळा अभ्यास फसला, अशी त्या वेळी तिची समजूत झाली होती, हे तिने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे. पण तिने आकडे फिरवले नाहीत, की कागद फायलीत दडपले नाहीत. ती विचार करत राहिली. चांगली माणसं जास्त चुका करतात, हे पटण्यासारखं नव्हतं. मग तिच्या मनात आलं, की ही माणसं चुका जास्त करत नसतील, जास्त सांगत असतील!

नुसती शंका म्हणजे काही पुरावा नव्हे. म्हणून तिने एका मदतनिसाला वॉर्डांत पाठवलं. कुठे किती चुका नोंदल्या, आपली शंका काय, यातलं त्याला काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याची नजर आधीच एका बाजूला झुकली असती. तो तिथे राहिला, सगळ्यांशी बोलला, आणि माणसं किती मोकळेपणी बोलतात यावरून त्याने वॉर्डांची क्रमवारी लावली. ती क्रमवारी नोंदलेल्या चुकांशी जवळजवळ तंतोतंत जुळली!

एका वॉर्डातली मुख्य परिचारिका स्वतः कामाचे कपडे घालून सगळ्यांबरोबर राबत होती. इतक्या गुंतागुंतीच्या कामात चुका व्हायच्याच, त्या वेळीच कळल्या पाहिजेत, असं ती मानत होती. तिथे चूक झाली की नर्स आपणहून सांगत. दुसऱ्या वॉर्डात मात्र चूक कळली की आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखी गत. तिथल्या वहीत चुका कमी होत्या, कारण त्या सांगितल्याच जात नव्हत्या. तुमच्या घरचं माणूस आजारी असतं, तर तुम्ही कोणत्या वॉर्डात ठेवलं असतं?

हा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. पुढे एका कारखान्यातले ५१ गट अभ्यासून १९९९ साली तिने ही गोष्ट ‘मानसिक सुरक्षितता’ या नावाने मांडली. सोप्या शब्दांत, चूक सांगितली, मदत मागितली, वेगळं मत मांडलं तरी आपला पाणउतारा होणार नाही, ही मनाची खात्री. गूगल कंपनीने २०१२ पासून आपल्या गटांची पाहणी केली, तेव्हा चांगल्या गटांत सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच निघाली. एमी एडमंडसन पुढे हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाल्या.

आपलं घर कोणता वॉर्ड?

अभ्यास रुग्णालयातला होता, घरातला नव्हे, हे खरं. पण माणसाचं मन घरी काही निराळं असतं का? कोड्यातल्या दुसऱ्या घरी भांडी फुटत नसतील असं थोडंच आहे? तुकडे गुपचूप कचऱ्यात जात असतील इतकंच.

फुटलेल्या भांड्याचं काही नाही हो, दुसरं आणता येतं. पण सासऱ्यांनी गोळी दोनदा घेतली आणि सुनेला सांगायचं धाडस झालं नाही तर? कॉलेजातून येताना रोज कोणीतरी मागे येतो, आणि “तूच काहीतरी केलं असशील” हे ऐकावं लागेल म्हणून मुलगी गप्प राहिली तर? फोनवर कोणाला तरी ओटीपी सांगून सासूबाईंच्या खात्यातले पैसे गेले, नि आता सगळे हसतील म्हणून त्या दोन दिवस बोलल्याच नाहीत तर? अशा वेळी ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार केली तर पैसे अडवता येण्याची आशा असते. दोन दिवसांनी हात चोळत बसायचं. यात पैसे गेले ते भामट्यामुळे, पण वेळ गेला तो घरातल्या धाकामुळे.

आणि आपण बायका तर या खेळात दोन्ही बाजूंना असतो. मुलांपुढे, कामाच्या बाईंपुढे आपण मुख्य परिचारिका. नवऱ्यापुढे, सासरच्यांपुढे पुष्कळदा आपणच ती भेदरलेली नर्स. भाजी करपली की माहेरचा उद्धार ऐकलेली सून पुढच्या वेळी करपलेलं झाकायला शिकते. तिला लबाड म्हणण्याआधी तो वॉर्ड आठवा. मोकळेपणा वरून खाली येतो. ज्याच्या हाती अधिकार, त्याने आधी सुरुवात करायची.

आजपासून काय कराल?

१. पहिलं वाक्य सांभाळा. चूक सांगायला आलेल्याला आधी “सांगितलंस ते बरं केलंस” म्हणा. रागवायचं असेल तर ते पाच मिनिटांनी. पुढच्या वेळी सांगायचं की लपवायचं, हे त्या पहिल्या वाक्यावर ठरतं.

२. ‘कोणी केलं?’ याआधी ‘कसं झालं?’ विचारा. सासऱ्यांनी गोळी दोनदा घेतली, कारण सकाळच्या नि रात्रीच्या गोळ्या एकाच डब्यात होत्या. वारांचे कप्पे असलेली डबी आणली की निम्मं काम झालं.

३. जुनं उकरू नका. “गेल्या दिवाळीतही तू असंच केलं होतंस” हे वाक्य घरातून हद्दपार करा. चूक कायमची नावावर चिकटते असं कळलं, की ती कोण सांगेल?

४. आपली चूक आपण आधी सांगा. “आज दूध मी विसरले गं” असं आईच म्हणाली, की मुलांची जीभ मोकळी होते.

५. याचा अर्थ सगळं चालवून घ्यायचं असा नाही. एडमंडसनबाईही हेच बजावतात, की मोकळेपणा म्हणजे शिस्त सोडणं नव्हे. अभ्यास झालाच पाहिजे, गॅस बंद केलाच पाहिजे. हात निसटून झालेली चूक, नवं काही करताना झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेला खोटेपणा, या तिन्हींना एकच शिक्षा नको, एवढंच.

आणि हो, ज्या घरात चूक सांगितली की मारहाण होते, तिथे या पाच गोष्टी पुरणार नाहीत. तिथे विश्वासाचं माणूस गाठा. माहेरचं, शेजारचं किंवा महिला मंडळातलं. मोकळेपणाने बोलायला एक तरी जागा प्रत्येकीला हवीच.

मुलगी प्रश्नावली घेऊन आली तर

शेवटी एक विनंती. मानसशास्त्राच्या एम.ए.ची किंवा पीएच.डी.ची एखादी मुलगी तुमच्या शाळेत, बँकेत किंवा दवाखान्यात कागदांचा गठ्ठा घेऊन येईल. “वरिष्ठांपुढे मत मांडताना भीती वाटते का?” असलं काही विचारेल. आपण घाईघाईने ‘सगळं छान’ वर खुणा करून तिला वाटेला लावतो. तसं करू नका. कशासाठी अभ्यास आहे, नाव गुप्त राहील ना, कागद साहेबांच्या हाती जाणार नाही ना, हे आधी खुशाल विचारून घ्या. पटलं तर खरी उत्तरं द्या. ही परीक्षा नव्हे, इथे बरोबर-चूक काही नसतं. आठ वॉर्डांतल्या माणसांनी त्या मदतनिसाला खरं सांगितलं, म्हणूनच उलट्या निकालाचा उलगडा झाला.

तोवर आज रात्री जेवताना एक करा. पानावर बसलेल्यांना सहज विचारा, “या आठवड्यात कोणाचं काय चुकलं?” सुरुवात स्वतःपासून करा. आणि कोणी खरंच काही सांगितलं, तर ते पहिलं वाक्य विसरू नका.